पांघरुणाचं वजन

मँचेस्टरला आम्ही आलो ते २००९ च्या नोव्हेंबरात, आणि तिसऱ्याच दिवशी पहिली मोठी खरेदी केली ती पांघरुणाची. भाड्याच्या घरात पलंग होता, गादी होती, पण अंगावर घ्यायला काहीच नव्हतं, दोन रात्री कोट घालून आणि बॅगेतून आणलेल्या एकुलत्या एका सोलापुरी चादरीत काढल्या होत्या. दुकानात गेलो तर डुव्हेंची, म्हणजे खोळीत घालायच्या फुगीर रजयांची, अख्खी भिंत. तिथल्या बाईंनी विचारलं, किती टॉगचं देऊ? टॉग हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. बाहेर पाऊस, चार वाजताच अंधार पडलेला, बोटं गारठलेली. मी म्हटलं, सगळ्यात गरम असेल ते द्या. त्यांनी १३.५ टॉगचं काढून दिलं, आणि ते एवढं मोठं गाठोडं हातात घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे त्याला वजनच नाही.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

म्हणजे झोप लागायची, पण तासाभरानं, आणि लागली तरी दोन-अडीचला मी घामानं भिजून जागी व्हायचे, पांघरूण लाथेनं बाजूला सारायचे, दहा मिनिटांत गार पडायचे, परत ओढायचे, परत घाम. आणि झोप लागायच्या आधीचा जो तास होता तो वेगळाच होता, अंग गरम आहे पण अंगावर काही आहे असं वाटतच नाही, जणू उघड्यावर झोपलोय. मला वाटायचं नवीन देश, नोकरीची काळजी, घरची आठवण, होईल हळूहळू. महिना गेला. मग एकदा फोनवर आईला सांगितलं की झोपच येत नाही गं. आई बाकी काही बोलली नाही, काळजी करतेस का, जेवतेस का, काही नाही, तिचा पहिला प्रश्न होता, "अंगावर काय घेतेस?"

आमचं गाव निफाड तालुक्यात. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव येतंच, डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. आमची द्राक्षबाग आहे. अशी थंडी पडली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागेत रात्रभर जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ड्रिपनं पाणी सोडायचं, तात्या अंगाभोवती घोंगडी गुंडाळून बागेत आणि आम्ही पोरं घरात ओळीनं. घराला हीटर वगैरे काही नाही, वरती पत्रे, बाहेर सहा तर आत फार तर नऊ-दहा. खाली सतरंजी, तिच्यावर एक जुनी गोधडी, आणि अंगावर एक, दोन, तीन, जशी थंडी तशा गोधड्या. तिसरी अंगावर पडली की हलता यायचं नाही. ते ओझं छातीवर, मांड्यांवर, पावलांवर बसलं की दोन मिनिटांत झोप. गरम होणं आणि दाबलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं, कारण आमच्याकडे त्या कायम एकत्रच आल्या.

म्हणून मी आता कुणालाही पांघरूण घेताना पहिलं हेच विचारते, तुला ऊब हवीय का वजन हवंय? बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही, मलाही येत नव्हतं. हल्ली वजनदार ब्लँकेट मिळतात, आत काचेचे बारीक मणी भरलेले, आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के घ्या म्हणतात, आणि लोक चांगले पैसे देऊन ते घेतात. तेव्हा हे वजनाचं वेड फक्त निफाडच्या पोरींचं नाही.

दुसरी चूक माझी मलाच कळायला दोन हिवाळे लागले. मी पांघरूण घेतलं ते खिडकीबाहेर बघून. बाहेर दोन अंश, म्हणून सगळ्यात जाड. पण मी झोपत होते ती खोली कधी १९, कधी २०, सेंट्रल हीटिंग रात्री अकरापर्यंत चालू. म्हणजे निफाडच्या घरापेक्षा मँचेस्टरची खोली दहा अंशांनी गरम आणि अंगावर मात्र बर्फातलं पांघरूण. एक साधा थर्मामीटर आणून उशाशी ठेवला तेव्हा हे दिसलं. तेव्हापासून माझं म्हणणं आहे की पांघरूण घ्यायला जायच्या आधी आठवडाभर झोपायच्या खोलीचं तापमान लिहून ठेवावं, रात्री झोपतानाचं आणि पहाटेचं. खोली १६ ते १८ च्या आसपास असेल तर इथे १०.५ टॉग बहुतेकांना पुरतं, त्याहून गरम खोलीत तेही जास्त होतं. ४.५ उन्हाळ्याचं. आणि ४.५ व ९ अशी दोन, कोपऱ्यांना बटणं लावून एकमेकांना जोडायची, हिवाळ्यात दोन्ही मिळून १३.५. हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दुकानातच थांबून राहिले, कारण हे तर आपलंच, एकावर एक.

टॉगची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या बसच्या रस्त्यावर आहे. मँचेस्टरमध्ये डिड्सबरी म्हणून भाग आहे, तिथे द टॉवर्स नावाची लाल विटांची एक जुनी हवेली. इंग्लंडच्या कापूस उद्योगानं आपल्या संशोधनासाठी ती घेतली आणि १९२० च्या दशकात तिथे शर्ली इन्स्टिट्यूट सुरू झाली. शर्ली हे एका मुलीचं नाव, ज्या खासदारानं मोठी रक्कम दिली त्याची मुलगी. तिथल्या पियर्स आणि रीस या दोघांनी १९४६ साली टॉग हे माप मांडलं, कपड्यांना इंग्रजी बोलीत टॉग्ज म्हणतात त्यावरून. कापडाच्या एका चौरस मीटरमधून १० वॉट उष्णता बाहेर जात असताना आतल्या आणि बाहेरच्या बाजूत १ अंशाचा फरक टिकत असेल तर ते कापड १ टॉगचं. म्हणजे टॉग ऊब मोजत नाही, अडवणं मोजतो. ऊब आपल्याच अंगाची असते, पांघरूण तिला फक्त जाऊ देत नाही. आणि अडवते कोण, तर कापूस नाही, पीस नाही, लोकरही नाही, त्यांच्यामध्ये अडकलेली हवा. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातलं सगळं सोपं होतं. हवा जेवढी जास्त आणि जेवढी स्थिर तेवढं पांघरूण गरम, म्हणूनच तर त्याला वजन नसतं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस जहाजांनी याच भागातल्या गिरण्यांत येत होता. बस त्या वळणावर आली की मला दर वेळी ते आठवतं.

मग आत काय भरलंय हा प्रश्न. माझं पहिलं डुव्हे पॉलिएस्टरचं होतं, इथे त्याला हॉलोफायबर म्हणतात, तंतू आतून पोकळ. स्वस्त, मशीनमध्ये धुता येतं, वाईट अजिबात नाही. पण पॉलिएस्टर ओल पीत नाही. आपल्या नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही, आणि लोकर तर तीस टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. रात्रभर अंगातून वाफ निघतच असते, ती जाणार कुठे? माझा तो अडीच वाजताचा घाम निम्मा गरमीचा होता आणि निम्मा या कोंडलेल्या ओलीचा. त्यात वरची खोळ पण मी पॉलिएस्टर मिक्स घेतली होती, इस्त्री लागत नाही म्हणून. साधी सुती खोळ घातल्यावरच बराच फरक पडला, पांघरूण तेच असून. तेव्हा पैसे कमी असतील तर आधी खोळ बदला, डुव्हे नंतर.

नंतर दोन पगार जमा झाल्यावर आम्ही पाहुण्यांच्या खोलीसाठी भारीतलं घेतलं, हंसाच्या पिसांचं. खरं तर पिसांचं नाही, पिसांच्या खाली छातीशी जी मऊ लव असते तिचं, फ्रेंचमध्ये त्या लवेलाच डुव्हे म्हणतात. काडी नसलेले गोल गोल फुगीर पुंजके, चिमूटभर घेतले तर ओंजळ भरते, त्यांची फुगण्याची ताकद मोजतात आणि ६००, ७००, ८०० असे आकडे लावतात, जितका आकडा मोठा तितकं कमी वजनात जास्त गरम. आत चौकोनी कप्पे शिवलेले असतात, नाहीतर सगळी लव एका कोपऱ्यात जाऊन बसते. घेताना उजेडासमोर धरून बघावं, कप्पा रिकामा असेल तर लगेच दिसतो. इतकं हलकं, इतकं सुंदर पांघरूण मी हातात घेतलं नव्हतं.

२०११ मध्ये लेकीच्या जन्माला आई-तात्या आले तेव्हा त्यांना ते दिलं. तात्या माळकरी. पहिल्याच रात्री त्यांनी पांघरूण हातानं दाबून बघितलं आणि विचारलं, "हे कशाचं भरलंय गं?" मी सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत. सकाळी बघितलं तर डुव्हे नीट घडी करून खुर्चीवर, आणि तात्या धोतराच्या पानाची घडी आणि शाल अंगावर घेऊन झोपलेले, फेब्रुवारीच्या थंडीत. मला फार लागलं ते. मी विचारायला हवं होतं. पुढे वाचलं की पिसं कशी काढतात यावर इकडे नियम आहेत, प्रमाणपत्रं आहेत, जिवंत पक्ष्याची पिसं ओढली नाहीत अशी हमी देणारी लेबलं आहेत, आणि घ्यायचंच असेल तर ते लेबल बघूनच घ्यावं, पण तात्यांचा प्रश्न लेबलानं मिटणारा नव्हता. त्याच दिवशी जाऊन लोकरीचं डुव्हे आणलं. ते त्यांनी हुंगलं, हात फिरवला आणि म्हणाले, "मेंढराचं ना, मग चालतंय. मेंढरू परत चरायला जातं." विठोबाची घोंगडी काय आणि ही काय, त्यांच्या लेखी एकच. मला विचाराल तर लोकर हेच मला सगळ्यात शहाणं भरण वाटतं. आमच्याकडे सनगर जे घोंगडं विणतात ते दख्खनी मेंढीच्या खरबरीत लोकरीचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेलं, अंगाला टोचतं, पण पावसाळी रात्री बागेत बसलेल्या माणसाला दुसरं काही चालत नाही. इकडची लोकर मऊ, खोळीच्या आत असल्यानं टोचायचा प्रश्नच नाही, फक्त ती घरी मशीनमध्ये टाकता येईल असं समजू नये, लेबल वाचून घ्यावं. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर मात्र ६० अंशांवर धुता येईल असंच काहीतरी घ्यावं, त्या पाण्यात धुळीतले बारीक किडे मरतात, आणि घरचं मशीन तेवढं मोठं आहे का तेही आधी बघावं, कारण ओलं डुव्हे मशीनमध्ये अडकून बसलं की काढताना हात भरून येतात. आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत वापरू नये, आतला कुबट वास नंतर जात नाही.

आईनं लेकीसाठी सहा दुपटी शिवून आणली होती, आणि घरी येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं की एक वर्षाच्या आत बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण रात्री घालायचं नाही, तोंडावर येतं. त्याऐवजी बाळाला बिनबाह्यांची झोपायची पिशवी, तिच्यावर पण टॉग लिहिलेला. आईला आधी वाईट वाटलं, मग तिनं ती पिशवी उलटसुलट करून बघितली, शिवण तपासली आणि म्हणाली चांगलीय, दुपटी दिवसा खाली अंथरायला घे.

ती तीन महिने राहिली, आणि त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली जी लहानपणी कधी दिसली नव्हती. पहाटे चार-साडेचारला ती उठायची, लेकीला बघायची, आणि जाता जाता माझ्या पायावर काहीतरी टाकून जायची, शाल, चादर, हाताला येईल ते. गावाकडेही असंच, झोपताना दोन गोधड्या असायच्या आणि सकाळी उठल्यावर तीन. मला वाटायचं आईची माया. माया होतीच, पण त्यात शहाणपण किती होतं ते नंतर वाचताना कळलं. झोप लागताना शरीर आतून थोडं गार व्हायला लागतं, हातपाय गरम करून आतली उष्णता बाहेर सोडतं, म्हणून तर काही जणांना एक पाय पांघरुणाबाहेर काढल्याशिवाय झोप येत नाही. आतलं तापमान उतरत उतरत सगळ्यात खाली जातं ते पहाटे, उठायच्या दोनेक तास आधी. आणि पहाटेच स्वप्नांची झोप जास्त असते, त्या झोपेत शरीर घाम आणणं, कुडकुडणं ही स्वतःला सांभाळायची कामं जवळजवळ सोडून देतं. म्हणजे अकरा वाजता जे पांघरूण बरोबर ते चार वाजता कमी पडणारच, आणि चारच्या हिशोबानं घेतलं तर अकराला घाम. कुठलंही एकच पांघरूण, कितीही महाग घ्या, दोन्ही वेळांना पुरत नाही. आई ते रात्रीतून एकदा उठून दुरुस्त करायची.

म्हणून आता माझ्या पलंगावर ४.५ टॉगचं सुती खोळीतलं हलकं डुव्हे आहे आणि पायथ्याशी घडी केलेली गोधडी. पहाटे अर्धवट झोपेत हात खाली नेऊन ओढायची. ती आई २०११ ला बॅगेत घालून घेऊन आली होती, २३ किलोंतले अडीच किलो तिनं त्यावर घालवले, म्हणून लोणच्याची बरणी मागे राहिली.

माझ्या पलंगावर म्हणते, आमच्या म्हणत नाही, कारण दुसरी सुधारणा अशी झाली की आम्ही दोघांनी पांघरुणं वेगळी केली. मला ऑफिसच्या कामानं हँबुर्गला जावं लागलं, तिथे हॉटेलात डबल बेडवर दोन स्वतंत्र डुव्हे घडी करून ठेवलेली, जर्मनीत घरोघरी तसंच असतं, स्कँडिनेव्हियातही. पलंग एक, पांघरुणं दोन. आम्ही पंधरा वर्षं एका दोन मीटर बाय दोन मीटरच्या डुव्हेत झोपत होतो आणि रोज रात्री कुणीतरी उघडं पडत होतं. नवरा मुळात थंड अंगाचा. आणि मला तोपर्यंत चाळिशीच्या पुढचे, पाळी जायच्या वेळचे ते उमाळे सुरू झाले होते, रात्री अचानक छातीपासून कानापर्यंत आग उसळायची, दोन मिनिटांत भिजून जायचे, आणि लगेच मागून थंडी. त्याला १०.५, मला ४.५. पहिल्या रात्री जरा परकं वाटलं, खरं सांगते. पण आठवड्यात आमची दोघांची भांडणं कमी झाली, झोप झालेली माणसं कमी भांडतात. पुण्याला नणंदेला हे सांगितलं तर ती म्हणाली, वहिनी आपल्याकडे पूर्वीपासून ज्याची त्याची गोधडी वेगळीच असायची की. बरोबरच आहे, एकच मोठं पांघरूण ही सवय आम्ही इथे येऊन लावून घेतली.

तिनंच मागच्या महिन्यात फोटो पाठवून विचारलं होतं, ऑनलाइन ४०० जीएसएमचं कम्फर्टर दिसतंय, घेऊ का. मी विचारलं, एसी कितीवर असतो? २४ वर. मग कशाला, ४०० हा आत भरलेल्या मालाच्या वजनाचा आकडा, दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, पुण्यात वर्षातले दहा महिने तुला मलमलची तीन पदरी दोहर पुरेल, आणि डिसेंबर-जानेवारीत वरून गोधडी. गादी कारखान्यातून खऱ्या कापसाची पातळ रजई भरून घेतलीस तर अजून उत्तम, दर वर्षी उन्हात घाल आणि चार-पाच वर्षांनी पिंजून घे. ऊन दाखवणं म्हणजे नुसता वास घालवणं नाही, कापसानं प्यायलेली ओल निघते, दबलेला कापूस परत फुलतो, हवा परत आत येते.

या जानेवारीत गावी गेले होते. तात्या आता नाहीत, बाग भाऊ बघतो. थंडी होती, मी आणि आई एकाच खोलीत. आईनं माझ्या अंगावर दोन गोधड्या घातल्या आणि स्वतः एकच घेतली, आणि तीही हाताला इतकी पातळ लागली की मला वाटलं जुनी होऊन विरलीय. उजेडात बघितली तर विरलेली नव्हती, मुळातच पातळ शिवलेली, वर एक लुगडं, खाली एक लुगडं, मध्ये काही नाही. टाके जुने, रंग उडालेला. कधीची गं ही? ती म्हणाली, तू कॉलेजात होतीस तेव्हाची.

मी कॉलेजात होते तेव्हा आई पंचेचाळीस-शेहेचाळीसची. आणि मला आठवलं की त्या वर्षी-दोन वर्षांत ती रात्री उठून ओट्यावर जाऊन बसायची, भर मार्गशीर्षात, डोक्यावरचा पदर काढून, नुसती. मी एकदा दारातून बघितलं होतं. तात्या बागेत शेकोट्यांपाशी होते, मला वाटलं द्राक्षाच्या काळजीनं बसलीय, कर्ज होतं त्या वर्षी. मी परत जाऊन झोपले.

मी विचारलं, तुला पण असं व्हायचं का, आग आग? ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुणाला सांगणार, आणि सांगून काय. मग आपली आपण पातळ शिवून घेतली." पंचवीस वर्षांनी माझ्या हातात ते उत्तर होतं, शर्ली इन्स्टिट्यूट नाही, आकडा नाही, दोन लुगड्यांचं. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, बसलेही, तिनं पातळ गोधडीचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यांवर टाकला.

सकाळी तिनं पेटी उघडली, जुन्या नऊवारी काढल्या, एक अंजिरी, एक हिरवी, सगळ्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा मी ओवून देणार असं ठरलं. तिनं अंजिरी लुगडं जमिनीवर पसरलं, चारी कोपऱ्यांना पाट आणि वरवंटा ठेवून ताणलं, आणि मला विचारलं, "तिकडं न्यायला किती लुगड्यांची शिवू, दोन का चार?"

दोनच, म्हटलं.